गाडी मागून बसली तर : पाटे, यू-बोल्ट आणि बरोबर ठेवायचे सुटे सामान



गाळप हंगाम तोंडावर आला की पाटेवाल्याच्या शेडापुढे गाड्यांची रांग लागते. त्यात ट्रक असतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात आणि अलीकडे पिकअपही बऱ्याच दिसतात. गाडीमालक खाली उतरतो आणि एकच वाक्य बोलतो, "मागून बसलीय, दोन पाटे वाढवून टाका." पाटेवालाही जास्त काही विचारत नाही. दुपारपर्यंत पाटे चढतात, गाडी मागून उचललेली दिसते आणि मालक खूश होऊन घरी जातो. पुढे संक्रांतीच्या आसपास हीच गाडी ऊस भरून भर रस्त्यात उभी दिसते. कधी मेन पाटा तुटलेला, कधी टायर फुटलेला, तर कधी पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चासीला चीर गेलेली. या अंकात आम्ही त्या एका वाक्याचाच विचार करणार आहोत. गाडी मागून बसते म्हणजे नेमके काय होते, पाटे वाढवावेत की नाही, आणि गाडी अडलीच तर बरोबर काय असावे, हे तीन प्रश्न आहेत.

ज्यांची स्वतःची गाडी नाही त्या सभासदांनी हे पान उलटू नये. उसाचा दर हा कारखान्याच्या दारात पोहोच मालाचा असतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होतो. म्हणजे वाहतूक महाग पडली तर ती गाडीमालकाला तर पडतेच, पण फिरून आपल्या सर्वांच्याच बिलात येते. दुसरे म्हणजे, तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. ऊस वाटेत अडकला की त्यातले पाणी उडते आणि वजन घटते. हे नुकसान सरळ त्या ऊसवाल्याचे, कारण काट्यावर भरेल तेवढेच वजन त्याच्या नावावर चढणार. शिवाय उसातली साखर फुटून तिची ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागते. ती काही पिशवीत साखर म्हणून उतरत नाही. उतारा घसरतो तो मात्र सगळ्यांचा घसरतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर हे काम फार झपाट्याने होते. तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा मोठी आहे. रात्री दिव्याशिवाय उभी राहिलेली उसाची ट्रॉली किती घरांचे दिवे मालवते, हे आपल्याकडच्या प्रत्येक गावाला माहीत आहे.

पाटा काय काम करतो

जुन्या लोखंडी धावेच्या बैलगाडीला पाटे नव्हते. गाडी खडखडत जायची, पण चालायची, कारण वजन बेताचे आणि वेग बैलाच्या पावलाचा. वेग आणि वजन वाढले तसे पाट्याशिवाय भागेना. पाट्यांचा सेट म्हणजे कमान दिलेल्या पोलादी पट्ट्यांची थप्पी. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या टोकांना डोळे असतात व त्यांतून पिन आणि बुश जातात. एक टोक चासीला पक्के आणि दुसरे टोक शॅकलवर झुलते, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्याला सरकायला जागा लागते. खालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. मधोमध भोक पाडून सेंटर बोल्ट घातलेला असतो आणि सगळी थप्पी यू-बोल्टने ॲक्सलला आवळलेली असते.

हे पोलाद साध्या पट्टीचे नव्हे. त्यात सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले असते, आणि महत्त्वाचे म्हणजे त्याला पाणी दिलेले असते. कोयत्याला लोहार पाणी देतो तसेच, पण इथे तेलात विझवतात आणि नंतर पुन्हा मोजून तापवतात. पाण्याचा अंदाज चुकला की कोयता एकतर वाकतो नाहीतर त्याची धार उडते. पाट्याचेही तेच आहे. कडकपणा जास्त झाला तर तो काचेसारखा तुटतो, कमी झाला तर बसतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बसलेला पाटा "मऊ" झाला असे आपण म्हणतो, पण पोलादाची ताठरता सहसा बदललेली नसते. शंभर किलोला तो पूर्वी जेवढा दबत होता तेवढाच आजही दबतो. गेलेली असते ती कमान. मर्यादेपेक्षा जास्त ताण वारंवार आला की पोलाद पूर्ण परत येत नाही, दर वेळी केसभर मागे राहते. उभ्या वजनाने होते त्याहून जास्त हे खड्ड्यात होते, कारण चाक आदळते त्या क्षणी पाट्यावर येणारा भार उभ्या वजनाच्या कितीतरी वर जातो. कमान गेली की गाडी मुळातच खाली बसलेली राहते. मग भरल्यावर ॲक्सल आणि चासी यांमधली जागा संपते आणि रबरी ठोकळ्यावर ठोके बसू लागतात. तो ठोका पाटा खात नाही. तो जातो चासीत, ॲक्सलमध्ये आणि टायरमध्ये.

गाडी मागून बसल्याचा परिणाम मागेच राहतो असेही नाही. पुढचे तोंड वर होते. दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्या रस्त्यावर अंधार पडतो. पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने स्टिअरिंग हलके लागते आणि पुढचे ब्रेक जेवढे धरायला हवेत तेवढे धरत नाहीत. "गाडी हातात हलकी लागतेय" असे ड्रायव्हर सांगतो तेव्हा मालकाने आनंद मानू नये.

गाडी खरेच बसली आहे का, ते आधी मोजा

डोळ्याने बघून ठरवू नये. सपाट फरशीवर, वजनकाट्याच्या प्लॅटफॉर्मसारख्या जागेवर गाडी रिकामी उभी करावी. टायरमधली हवा आधी सारखी करून घ्यावी, नाहीतर टायरचा दोष पाट्याच्या नावावर जातो. मग मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर चासीच्या किंवा बॉडीच्या खालच्या कडेपर्यंत टेपने अंतर घ्यावे. दोन्ही बाजूंचे घ्यावे आणि दाराच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावे. भरलेल्या गाडीचेही एकदा घ्यावे. गाडी नवी असताना किंवा पाटे नवे टाकले त्या दिवशी हे आकडे लिहिले असतील तर पुढे कुणाला विचारायची गरज पडत नाही.

दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्या असतील तर कमान गेली असे समजावे. एकच बाजू बोटभर खाली असेल तर कारण बहुधा वेगळे असते. एखादा पाटा तुटलेला असेल, शॅकलचा बुश झिजून पिन डोळ्यात खेळत असेल, किंवा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल जागेवरून सरकला असेल. सेंटर बोल्ट तुटला की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून चालणाऱ्याला ते चटकन दिसते, बसलेल्याला दिसत नाही. अशी गाडी भरायचीच नाही.

पाट्याची चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. सोपी युक्ती आहे. पाटा घासून साफ करावा, रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ ठेवावा, कोरडा पुसावा आणि वर खडूची पूड चोळावी. चीर असेल तर तिच्यात शिरलेले तेल खडूवर ओली रेघ उमटवते. पाटा कुठे तुटला हेही बोलके असते. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असेल तर यू-बोल्ट सैल होते असे बहुतेक धरून चालावे. भोक ही पाट्याची सर्वांत कमजोर जागा असते. यू-बोल्ट घट्ट असतात तोवर ती आवळलेली राहते आणि वाकतच नाही. सैल झाले की वाकणे नेमके तिथे येते. यू-बोल्टच्या बाहेर, पकडीच्या कडेला तुटला असेल तर वजनाकडे बोट दाखवावे.

पाटे मारून घेणे

आपल्याकडे सर्वांत स्वस्त उपाय हाच. पाटे उतरवायचे, ऐरणीवर घणाने ठोकून पुन्हा कमान आणायची. गाडी उचलते हे खरे, पण किती दिवस? थंडच ठोकलेला पाटा थोड्याच खेपांत बहुधा परत बसतो, कारण ज्या ताणाने तो बसला तो ताण तसाच आहे. वर घणाचे वण राहतात आणि चीर धरायला असे वण पुरेसे असतात. जो पाटा खालच्या अंगाने ठोकून ठेचलेला दिसतो तो पुढच्या हंगामात तुटला तर नवल नाही.

काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने मधला भाग लाल करून वाकवतात आणि वर पाणी ओततात. हे मात्र कुणी करू देऊ नये. जेवढा भाग लाल झाला तेवढ्या भागाचे मूळचे पाणी उतरले, आणि पाण्यात एकदम थंड झाल्यावर तो ठिसूळ होऊन तडकण्याचा धोका असतो. पाट्याला वेल्डिंग करणे हाही त्यातलाच प्रकार. पाट्यावर वेल्डिंगचा एक ठिपका पडला तरी तिथून तो जातो. चासीचे वेल्डिंग चालू असताना पाट्यांवर ठिणग्या आणि थेंब पडू नयेत म्हणून ओले पोते टाकायला सांगावे.

रीतसर काम करायचे तर पाटा भट्टीत सगळीकडे सारखा ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, साच्यावर कमान देतात, तेलात विझवतात आणि पुन्हा साधारण ४०० ते ५०० अंशांवर तापवून ठिसूळपणा काढतात. शेवटी तो दाबून बघतात, म्हणजे जेवढा बसायचा तेवढा शेडातच बसतो. अशी भट्टी तालुक्याच्या गावी प्रत्येकाकडे नसते. म्हणून पाटेवाल्याला दोन प्रश्न सरळ विचारावेत : भट्टी आहे का, आणि तेलात विझवता की पाण्यात? उत्तर मनासारखे नसेल तर पाटे मारण्यात पैसे घालण्यापेक्षा नवा सेट टाकावा. आमच्या मते सहा-सात हंगाम चाललेल्या, गंजून थर सुटलेल्या पाट्यावर कसलीच मजुरी खर्च करू नये. आणि सेट बदलायचा तर दोन्ही बाजूंचा बदलावा. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना असे केले की गाडी कायम एका अंगाला कलते आणि उसाचा भारही तिकडेच झुकतो.

पाटा वाढवणे

आता मूळ वाक्याकडे येऊ. आठ पाट्यांच्या सेटमध्ये त्याच मापाचा एक वाढवला तर ताठरता ढोबळमानाने आठवा हिस्सा वाढते. पण जाडीचा हिशोब निराळा आहे. ताठरता जाडीच्या घनाने वाढते. म्हणजे १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर जाडीचा पाटा घातला तर जाडी पाचव्या हिश्शाने वाढली, पण तो पाटा जवळजवळ पावणेदोन पट ताठ झाला. "शेडात पडलेला जाड पाटा घाला" असे सहज म्हणतात, तेव्हा हे कुणाच्या डोक्यात नसते. ताठ पाटा स्वतः कमी वाकतो, शेजारचे पाटे मात्र जास्त वाकायला बघतात. जोडीने काम करण्याऐवजी ते एकमेकांच्या विरुद्ध काम करतात.

पाटे वाढवायचेच असतील तर त्याच रुंदीचे, त्याच जाडीचे, सेटच्या कमानीशी जुळणारे घालावेत. थप्पी उंच झाली की जुना सेंटर बोल्ट व यू-बोल्ट आखूड पडतात. नटाबाहेर दोन-तीन आटे तरी दिसले पाहिजेत. नट अर्ध्यावरच पकडला असेल तर ते आवळणे नव्हे. जुने यू-बोल्ट एकदा ताणलेले असतात, ते उतरवले की नवेच घालावेत.

याहून बरा उपाय म्हणजे हेल्पर पाटे. हे मुख्य सेटच्या वर असतात आणि त्यांची टोके रिकाम्या गाडीत मोकळी राहतात. गाडी भरून खाली आली की ती चासीवरच्या ब्रॅकेटला टेकतात आणि मग भार घेतात. त्यामुळे रिकामी गाडी उडत नाही. नुसते मुख्य पाटे वाढवलेली गाडी रिकामी परत येताना बघा. मागची चाके जमिनीला नीट टेकत नाहीत आणि ब्रेक मारला की घसटतात.

काही पिकअप व ट्रकांना मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक दांडी गेलेली असते. ती ब्रेकच्या व्हॉल्व्हची. गाडी किती दबली यावरून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की गाडी भरूनही कमी दबते, व्हॉल्व्हला वाटते गाडी हलकी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. म्हणून पाटे बदलले की ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावी. ती तारेने बांधून ठेवलेल्या गाड्या आमच्या पाहण्यात आहेत!

लांब शॅकल टाकून गाडी उचलणे किंवा ॲक्सल आणि पाटा यांमध्ये लोखंडी ठोकळा घालणे हेही करतात. दोन्हींनी उंची वाढते, ताकद एक किलोचीही वाढत नाही. शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते, आणि ॲक्सलचा कोन बिघडतो तो वेगळाच. पाटे आणि चासी यांमध्ये जुन्या टायरचे तुकडे कोंबणारे आहेत, त्यांच्याबद्दल काय लिहावे.

मुख्य गोष्ट अशी की पाटे वाढवल्याने गाडीची भार घेण्याची कुवत वाढत नाही. ॲक्सल तोच, हबचे बेअरिंग तेच, टायर तेच आणि ब्रेकही तेच. फक्त गाडी भार झाली आहे हे सांगणारी खूण आपण पुसून टाकतो. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या. दोन ॲक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले आणि चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. पण आपल्या गाडीच्या नोंदणी पुस्तकात जे वजन लिहिले आहे तेच आपल्यासाठी खरे. त्याच्या वर गेले तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. दंड एकवेळ चुकेल. रस्ता मात्र चुकत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मुद्दाम गाड्या फिरवून मोठी चाचणी घेतली गेली. तिच्यावरून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याचे नुकसान ॲक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार वीस टक्क्यांनी, म्हणजे एकपंचमांश वाढला की नुकसान दुप्पट. आपल्या पाणंदीची जानेवारीत काय दशा होते याचे कोडे इथे सुटते, आणि तिथल्याच खड्ड्यांत आपलेच पाटे तुटतात.

भार कुठे आहे

बरेचदा एकूण वजन बेताचे असते, पण ते मागे लोंबत असते. ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांत ४.२ मीटर अंतर आहे असे धरा. मागच्या ॲक्सलच्या मागे १.४ मीटरवर एक टन ऊस लादला तर मागच्या ॲक्सलवर एक टन नव्हे, सव्वा टनाहूनही जास्त, म्हणजे १,३३३ किलो येतात आणि पुढचा ॲक्सल ३३३ किलोंनी हलका होतो. तागडीचा नियम आहे, दुसरे काही नाही. म्हणून मोळ्या भरताना आधी केबिनकडची बाजू नीट भरून घ्यावी, आणि फाळक्याच्या बाहेर ऊस लोंबू देऊ नये.

दोन चाकी ट्रॉलीत हे उलट अंगाने दिसते. मागे भार झाला की ट्रॉली ट्रॅक्टरचा हूक वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन चढाला जागेवर फिरतात. पुढे भार झाला की हूक दाबला जातो आणि ट्रॅक्टरचे तोंड उठते. शिवाय अशा बऱ्याच ट्रॉल्यांना पाटेच नसतात, ॲक्सल थेट चासीला असतो. ती "बसली" म्हणजे ॲक्सल वाकला. चाके वरून आत झुकलेली दिसतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. तिथे पाटेवाल्याचे काम नाही. ॲक्सल बदलावा.

सुटे सामान

इथे पहिली तक्रार सामान नसण्याची नाही, चुकीच्या जागी असण्याची आहे. पिकअपवाल्या सभासदांनी आपल्या गाडीच्या मागच्या फाळक्याशी काय काय पडले आहे ते एकदा उतरवून काट्यावर घालावे. जुना जॅक, साखळदंड, पान्यांची पेटी, मोटारीचे फाउंडेशन बोल्ट, पाइपचे तुकडे. दीडशे किलो सहज भरतात. चाकांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीत हे ओझे मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे असेल तर दीडशे किलोंचे दोनशे होऊन ते रात्रंदिवस पाट्यावर बसलेले असतात. गाडी बसण्याचे कारण कधी कधी हेच निघते. जड सामान दोन्ही ॲक्सलच्या मध्ये, जितके खाली तितके बरे, चासीला पेटी ठोकून ठेवावे. केबिनमध्ये पायाशी काहीच मोकळे ठेवू नये. एक पाना घरंगळून ब्रेकच्या पायट्याखाली गेला तर काय होईल ते सांगायला नको.

स्टेपनी सगळेच ठेवतात, पण तिच्यात हवा असतेच असे नाही. आठवड्याला एकदा तिचीही हवा बघावी. ट्रकची स्टेपनी शंभर किलोच्या घरात जाते, तिचा कप्पी-साखळीचा पाळणा चिखलाने आणि गंजाने धरलेला असतो. तो हंगामापूर्वी सोडून, ग्रीस लावून पुन्हा चढवावा. मागच्या जोडचाकांत दोन टायर सारख्या झिजेचे असावेत. एक नवा आणि एक गुळगुळीत असला की सगळा भार मोठ्या टायरवर येतो आणि तोच आधी फुटतो. ट्रॉलीला मात्र स्टेपनी ठेवण्याची पद्धतच नाही. ट्रॅक्टरचा टायर तिला चालत नाही. एक पंक्चर झाले की सगळा ऊस रस्त्यावर उतरवून घ्यायची वेळ येते.

जॅकबद्दल थोडे जास्त लिहितो. भरलेल्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलची एक बाजू सहा टनांच्या आसपास असते, तेव्हा दहा टनांखालचा जॅक बाळगू नये. काळ्या रानात जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. म्हणून दोन इंच जाडीची हातभर बाभळीची फळी त्याच्या सोबतच बांधलेली असावी. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून पाचर लावल्याशिवाय जॅक लावू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरू नये. आधी ठोकळा लावावा, मग शिरावे. काही गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. अंधारात दोघे जण टॉमीवर उभे राहून ते आणखी आवळतात. चाक बदलल्यावर एक खेप झाली की नट पुन्हा तपासावेत. नव्या यू-बोल्टचेही तसेच, पहिल्या भरलेल्या खेपेनंतर आवळावेत आणि पुढे दर पंधरवड्याला.

बाकी सामानात सेंटर बोल्ट, नटासह यू-बोल्टची एक जोडी, शॅकलची पिन व बुश, हबचे बेअरिंग व सील, फॅनबेल्ट, होज पाइप व क्लिपा, फ्यूज आणि दिवे, ग्रीसगन, ट्रॉलीची जोडपिन व तिची लॉकपिन, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली जोडणारी साखळी असावी. जोडपिनेच्या जागी सळईचा तुकडा घालून ट्रॉली ओढणारे दिसतात. ती सळई उतारावर तुटली तर ट्रॉली कुणाच्या घरात शिरेल सांगता येत नाही.

मेन पाटा वाटेत तुटला तर ऊस दुसऱ्या गाडीत घ्यावा. ॲक्सल आणि चासी यांमध्ये लाकडी ठोकळा घालून साखळीने आवळावे आणि रिकामी गाडी चालण्याच्या वेगाने जवळच्या शेडापर्यंत न्यावी. भरलेली गाडी "दहाच किलोमीटर राहिलेत" म्हणून पुढे दामटू नये. मेन पाट्यानेच ॲक्सल जागेवर धरलेला असतो.

गाडी रस्त्यात अडली की पहिले काम पान्याचे नाही, खुणेचे. चमकणारा त्रिकोण गाडीमागे निदान ५० पावलांवर ठेवावा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर असावेत आणि ते उसाच्या वाढ्यांनी झाकले जाऊ नयेत. रस्त्यावर दगड मांडायची आपली जुनी खोड आहे. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला मोटारसायकलवाला त्यांवर जातो.

दसऱ्यानंतर बीडकडून टोळ्या निघतात, तेव्हा त्याच ट्रॉल्यांत संसार, पेंढा, शेळ्या आणि लेकरेबाळे असतात. मालक उचल देताना कागदपत्रे बघतो, त्या दिवशी पाटेही बघावेत. हंगामातली पहिली खेप उसाची नसते, माणसांची असते. भरलेल्या उसावर माणसे बसवणे तर बंदच झाले पाहिजे. पाटा तुटून भार कलला की वर बसलेल्याला धरायला काही नसते.

शेवटी एक सूचना. हे सगळे सामान प्रत्येक गाडीत बाळगणे परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. एकाच रस्त्याने धावणाऱ्या पाच-सहा गाडीमालकांनी मिळून एक पेटी करावी. तिच्यात ट्रॉलीची एक हवा भरलेली स्टेपनी, ट्रकचा एक मेन पाटा, दोन मापांचे यू-बोल्ट, बेअरिंगचे संच आणि मोठा जॅक ठेवावा आणि ती रस्त्यालगतच्या एखाद्या सभासदाच्या वस्तीवर असावी, जिथे रात्री दोन वाजता हाक मारली तरी कुणी उठेल. पेटीला एकच कुलूप आणि प्रत्येक मालकाकडे एक किल्ली. झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने सामानाची यादी लिहावी, जो वस्तू नेईल त्याने तिच्यासमोर खडूने आपले नाव व तारीख टाकावी, आणि आठ दिवसांत तशीच वस्तू आणून ठेवून ते नाव पुसावे.